शाळेची सहल पेडण्याला न्यायची आहे: काय दाखवावं, कोणत्या क्रमाने?

फळा_खडू

नमस्कार मंडळी. मी म्हापशाजवळच्या एका हायस्कूलमध्ये इतिहास शिकवते. आमची नववीची सहल दरवर्षी जुन्या गोव्याला जाते. पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय, बॉम जेझूचं चर्च, मग मंगेशी, की झाली सहल. त्या संग्रहालयाबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पोर्तुगीज व्हाइसरॉयांची तैलचित्रं ओळीने लागलेली बघून मुलं अवाक होतात. पण गोव्याचा इतिहास म्हणजे एवढाच, ही समजूत तिथे घट्ट होते आणि ती मला मोडायची आहे.

म्हणून यंदा पेडणे, गोव्याच्या उत्तर टोकाचा तालुका. जुनं गोवं ज्यात येतं ती तिसवाडी पोर्तुगीजांनी घेतली १५१० मध्ये, म्हापसा ज्यात येतो तो बार्देश १५४३ मध्ये आणि पेडणे त्यांच्याकडे गेलं ते १७८८ मध्ये. मधली पावणेतीनशे वर्षं इथे आधी आदिलशाही, मग सावंतवाडीकर भोसले. माझ्या वर्गात बार्देशची मुलं आहेत तशीच पेडण्याहून येणारीही आहेत. एका बाकावर बसतात, पण त्यांच्या पूर्वजांच्या मधून हद्द जात होती.

मनात आहेत ती ठिकाणं: श्री भगवतीचं देऊळ, देशप्रभूंचा वाडा, हळर्णचा किल्ला, तेरेखोल आणि पत्रादेवीचं हुतात्मा स्मारक. एक दिवस, एक बस. यातलं काय गाळू? आणि पेडण्यात सर्वांना खुलं असं संग्रहालय आहे का?

इन्सुलीचा_घाट

तेरेखोल गाळू नका, बाकी काहीही गाळा. केरीहून फेरीबोटीने पलीकडे जायचं, मुलं तेवढ्यावरच खूश होतील. मात्र मोठी बस फेरीत चढवायच्या भानगडीत पडू नका. मुलांना फेरीने न्या आणि बस किरणपाणीच्या पुलावरून आरोंदा, रेडी अशी फिरवून पाठवा. आरोंदा-रेडी महाराष्ट्रात येतं, तेव्हा बसचा परवाना आधी बघून घ्या.

पर्वरीकर

ताई, हेतू चांगला आहे, पण मी वेगळं मत मांडतो. मी कुटुंबाला घेऊन हा सगळा भाग फिरलो आहे. देवळात दर्शन झालं, किल्ल्यावर फोटो झाले आणि मुलगी विचारायला लागली, बाबा, इथे काय झालं होतं? माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि तिथे लिहिलेलंही काही सापडलं नाही. जुन्या गोव्याच्या संग्रहालयात निदान प्रत्येक वस्तूखाली दोन ओळी असतात. नुसते चिरे दाखवून नववीच्या मुलांना काय कळणार? आधी पेडण्यात एक नीट संग्रहालय व्हायला हवं, मग सहली.

रानजाई

वाचतेय. आम्हालाही डिसेंबरात जायचं आहे.

पेडण्याची_लेक

पर्वरीकर, तुमच्या मुलीचा प्रश्न अगदी बरोबर आहे, पण उत्तर द्यायला संग्रहालयच कशाला हवं? भगवतीच्या देवळापाशी घंटाभर बसा. प्रवेशाच्या दोन्ही बाजूंना काळ्या दगडाचे दोन हत्ती उभे आहेत, खऱ्या हत्तीएवढे. लहान असताना आम्ही त्यांच्या पायांना हात लावूनच आत जायचो. आत अष्टभुजा देवी. आता मुलांना विचारा: बार्देशात सोळाव्या शतकात देवळं पाडली गेली, कितीतरी मूर्ती नद्या ओलांडून पलीकडे हलवल्या गेल्या, मग हे देऊळ आपल्या जागी कसं राहिलं? उत्तर फळा_खडू ताईंनी पहिल्याच पोस्टीत दिलं आहे. पोर्तुगीज इथे १७८८ मध्ये आले, तोवर धर्मांतराचा तो काळ सरला होता. नव्या काबिजादीतल्या, म्हणजे नंतर जिंकलेल्या मुलखातल्या, लोकांचे रीतिरिवाज आणि देवस्थानं राखायचं त्यांना कबूल करावं लागलं. देऊळ उभं आहे हाच इथला पुरावा. तो काचेच्या कपाटात कसा ठेवणार?

आणि जमलंच तर सहल कोजागिरीच्या सुमाराला काढा. पेडण्याची पुनव! रवळनाथ आणि भूतनाथाची तरंगं, म्हणजे देवांचे सजवलेले खांब, निघतात. भूतनाथ हट्टाला पेटतो, माझं देऊळ एका रात्रीत बांधा म्हणतो आणि रानाकडे धाव घेतो. लोक त्याची समजूत घालतात, फाल्यां बांदूंया देवा (उद्या बांधू), आणि त्याला परत आणतात. माझे वडील गेले तरी त्या रात्री मी पुण्याहून घरी येते. मुलांना घेऊन रात्रीच्या त्या गर्दीत शिरणं शाळेला झेपायचं नाही हे मला कळतं, पण गोष्ट तरी सांगाच.

गडवाट_हौशी

पेडण्याची_लेक यांना +१. आता किल्ल्यांबद्दल थोडं सविस्तर.

तेरेखोलला सर्रास पोर्तुगीज किल्ला म्हणतात. किल्ला बांधला सावंत-भोसल्यांनी, सतराव्या शतकात. त्यांचं आरमार या खाडीच्या मुखाशी असायचं. १७४६ मध्ये व्हाइसरॉय पेद्रु मिगेल द आल्मेदा याने मोहीम काढली. मे महिन्यात हळर्ण घेतलं, नोव्हेंबरात तेरेखोल आणि शेजारचं रेडी. पुढे १७६४ मध्ये पोर्तुगीजांनी तेरेखोलची नव्याने बांधणी केली. आत जे चर्च दिसतं ते त्यांचं.

हळर्णची गंमत अशी की त्या विजयाबद्दल पोर्तुगालच्या राजाने या व्हाइसरॉयला मार्केस द आलोर्ना हा किताब दिला. आलोर्ना म्हणजे आपलं हळर्ण. लिस्बनच्या वर आल्मेइरिमला त्या घराण्याची इस्टेट होती, किंता द आलोर्ना, आणि त्या नावाची वाइन आजही विकली जाते. पेडणे तालुक्यातल्या एका लहानशा गावाचं नाव पोर्तुगालात बाटलीवर आहे, हे मुलांना सांगा. नववीतली मुलं हे जन्मभर विसरणार नाहीत.

माझं मत: तेरेखोलपेक्षा हळर्ण आधी दाखवा. तेरेखोलला देखावा आहे, त्यामुळे लक्ष समुद्राकडे जातं. हळर्णला नदी, चिऱ्यांचा तट आणि झाडी. तिथे मुलं किल्लाच बघतील.

पर्वरीकर

बघा, म्हणजे माझाच मुद्दा सिद्ध झाला. हे सगळं तुम्ही इथे लिहिलंत म्हणून मला कळलं. हळर्णला उभं राहून नाही कळलं. गडवाट भाऊ प्रत्येक सहलीबरोबर थोडेच जाणार आहेत?

गडवाट_हौशी

बोलवा की, येतो! रविवारी सोडून कधीही. रविवारी घरचे सोडत नाहीत.

कुळागर

मधे तोंड घालतो. आपण सगळे एकेक ठिकाण सुटं सुटं धरून बोलतोय. ताईंनी विचारलं आहे क्रम काय ठेवावा. क्रम नदीवरून ठरवा.

म्हापशाहून निघालात की बस कोलवाळला शापोरा नदीचा पूल ओलांडते. तिथेच बसमध्ये मुलांना उठवा. १५४३ पासून १७८८ पर्यंत राज्याची हद्द ही नदी होती. अलीकडे बार्देशात कोलवाळला पोर्तुगीजांचा किल्ला, पलीकडे वरच्या अंगाला भोसल्यांचं हळर्ण. म्हणजे सहलीतलं पहिलं ठिकाण पूलच, तिकीट नाही, चप्पल काढायची नाही. मग १७८८ नंतर हद्द सरकून उत्तरेला तेरेखोल नदीवर गेली. पण तेरेखोल किल्ला त्या नदीच्याही पलीकडच्या काठावर आहे, कारण तो त्यांनी आधीच, १७४६ मध्ये घेतला होता. म्हणून आजही नकाशात गोव्याचा एक ठिपका नदीपल्याड एकटा पडलेला दिसतो आणि गोव्याच्या लोकांना आपल्याच राज्यात जायला फेरी पकडावी लागते, नाहीतर महाराष्ट्रातून वळसा.

दोन नद्या, दोन किल्ले. एवढं मुलांच्या डोक्यात बसलं तरी सहल फळाला आली.

इन्सुलीचा_घाट

कुळागर, मानलं. मी बांद्याच्या बाजूचा, जन्मापासून हा नकाशा बघतोय, पण असं कुणी सांगितलं नव्हतं.

मोरजेची_आजी

नात टाइप करून देते आहे. तुम्ही सगळे हद्द हद्द म्हणता ती मी पाहिलेली आहे.

माझी मोठी बहीण आरोंद्याला दिलेली. आमच्याकडे पेडण्याच्या मुली सावंतवाडी, बांदा, शिरोड्याला देणं ही रोजची गोष्ट होती. देव तेच, दशावतारी नाटकवाले तेच, आंबोळी तीच. नदीपलीकडे दिलं म्हणजे परदेशात दिलं असं कुणाच्या मनातही नसायचं. १९५५ च्या गोवा मुक्तीच्या सत्याग्रहानंतर भारत सरकारने हद्द बंद केली. परवान्याशिवाय जाता येईना. बहिणीचं दुसरं बाळंतपण आमच्या आईने पाहिलं नाही. माणूस निरोप घेऊन यायचा, रात्रीचा, होडीतून. आईने त्याच्याकडे बाळंतिणीसाठी डिंक-खोबरं दिलं तेही पोचलं की नाही कळायला पावसाळा गेला. भारतातून येणारा माल थांबला, मग दुकानात हॉलंडचे बटाटे यायला लागले, दिसायला सुंदर, चव काही नाही.

एकसष्टच्या डिसेंबरात मुक्ती झाली, तेव्हा आमच्याकडे पहिल्यांदा काय झालं असेल तर आई आरोंद्याला गेली. मिरवणूक बघायला थांबली नाही.

बाई, तुम्ही मुलांना किल्ले दाखवा, जरूर दाखवा. पण त्यांना घरी विचारायला सांगा, आपल्या घरातली कोणती बाई पलीकडून आली. पेडण्यातल्या निम्म्या घरांत सापडेल.

पेडण्याची_लेक

आजी, माझी आजी बांद्याची. डोळ्यांत पाणी आलं वाचून.

रेल्वेवेडा

अवांतर होईल, पण सरहद्दीच्या गावातलं सर्वांत अवघड बांधकाम कुणी घेतलंच नाही. पेडण्याचा बोगदा! कोकण रेल्वेचा सगळा मार्ग तयार होत आला तरी हा दीड किलोमीटरचा बोगदा काही पुरा होईना. कातळ असता तर सुरुंग लावून मोकळे झाले असते. इथे मऊ चिखलमाती. खणावं तेवढं पुन्हा आत सरकायचं, पावसात तर जास्तच. काम करताना माणसंही गेली तिथे. शेवटी तो झाला आणि २६ जानेवारी १९९८ पासून रोहा ते मंगळूर मार्ग सलग सुरू झाला. सहलीत पेडणे स्टेशनवर दहा मिनिटं थांबा. गाडी बोगद्याकडे जाताना बघायची आणि तिथे राबलेल्या मजुरांची आठवण ठेवायची.

कुळागर

रेल्वेवेडा, अवांतर कसलं? हेही हद्दीतूनच जातंय. चिऱ्याचा किल्ला टिकला, बोगद्याची माती टिकेना, एकाच तालुक्यात. भूगोलाच्या सरांनाही सहलीत घ्या, ताई.

सांतिनेज

एक वेगळा प्रश्न विचारते, राग मानू नका. वर्गात सगळ्या धर्मांची मुलं असणार. देऊळ हे ठिकाण म्हणून दाखवताना काय सांगता? आमच्या शाळेत एकदा मुलं गाभाऱ्याच्या दारात उभं राहून शिक्षकांचं भाषण ऐकत होती आणि मागे नवस फेडायला आलेलं कुटुंब ताटकळत होतं. मला तेव्हा फार वाईट वाटलं. देऊळ, चर्च ही वापरातली जागा आहे. संग्रहालयात आवाज चढवून समजावलं तर कुणाचं बिघडत नाही, इथे बिघडतं.

पेडण्याची_लेक

अगदी खरं. माहिती बाहेर, हत्तींपाशी सांगा. आत फक्त बघायचं आणि गप्प राहायचं. तेरेखोलच्या सेंट अँथनी चर्चलाही हेच. एरवी ते बंद असतं, फेस्ताच्या, म्हणजे चर्चच्या सणाच्या, वेळी उघडतं. बंद दाराशी उभं राहून मुलांना सांगता येतं की हेही कुणाचं तरी देवस्थान आहे.

फळा_खडू

सांतिनेज, बरं झालं विचारलंत. आमच्या वर्गातल्या कॅथलिक मुलांचे आईवडील नेहमी आनंदाने परवानगी देतात, पण मुलांना काय करायचं, काय नाही हे आधी सांगितलं की ती मोकळी असतात. तसं आदल्या दिवशी वर्गातच सांगीन.

वाड्याबद्दल कुणी सांगेल का?

पेडण्याची_लेक

ते घर आहे हे आधी लक्षात घ्या. देशप्रभू घराण्याला पोर्तुगीजांनी व्हिश्कोंद (व्हायकाउंट) हा किताब दिला होता, म्हणजे भोसल्यांच्या काळापासूनचे वतनदार आणि पोर्तुगीज दरबारातले सरदार, दोन्ही एकाच घरात. चौकांमागून चौक आहेत आणि घराण्याचा स्वतःचा संग्रह आहे, चांदीच्या पालखीचं नाव सगळे घेतात. पण आत जायचं तर घरच्यांची परवानगी आधी मिळवायची. नाही मिळाली तर बाहेरून बघून पुढे जायचं. अख्खा वर्ग दारात नेऊन उभा करू नका.

पर्वरीकर

इथे मात्र मी अडून बसणार. घराण्यांनी आपल्या वस्तू सांभाळल्या, त्यांचे उपकार आहेत. पण सामान्य माणसाच्या घरातल्या वस्तू कोण सांभाळणार? आगरवाड्याच्या मिठागरातली अवजारं, दशावताराचे जुने मुकुट, आजींनी सांगितला तसा हद्द ओलांडायचा एखादा परवाना. हे सगळं माळ्यावर वाळवी खाते आहे. पालखी टिकेल हो, ती चांदीची आहे. कागद टिकणार नाही. म्हणून म्हणतो संग्रहालय हवं, आणि ते पेडण्यातच हवं. पणजीला नेऊन ठेवलं तर मोरजेची आजी बघायला जाणार आहे का?

मोरजेची_आजी

परवाना आहे माझ्याकडे. आईचा. ट्रंकेत.

पर्वरीकर

आजी, फोटो काढून ठेवायला सांगा नातीला. आजच. दोन्ही बाजूंनी.

सीमेवरचा_शिपाई

पत्रादेवीबद्दल कुणीच काही लिहिलं नाही म्हणून लिहितो. पेडण्याला येऊन पत्रादेवीला न थांबता कुणी परत जाऊ नये. १५ ऑगस्ट १९५५ ला देशाच्या कानाकोपऱ्यातून आलेले निःशस्त्र सत्याग्रही तिथून आत शिरले आणि पोर्तुगीजांनी गोळ्या घातल्या. मध्य प्रदेशच्या सहोदराबाई राय हातात तिरंगा घेऊन पुढे होत्या, त्यांना गोळ्या लागल्या. पंजाबच्या इसरू गावचे कर्नेल सिंग बेनिपाल पुढे सरसावले आणि तिथेच पडले. पंचविशीचं वय. त्याच दिवशी तेरेखोलला पनवेलचे हिरवे गुरुजी गेले, ते शिक्षक होते. त्याच्या आदल्या वर्षी, १५ ऑगस्ट १९५४ ला, आल्फ्रेड आफोन्सो यांच्या तुकडीने तेरेखोल किल्ल्यावर तिरंगा लावून किल्ला ताब्यात ठेवला होता, दुसऱ्या दिवशी पकडले गेले.

स्मारक हमरस्त्याच्या कडेला आहे. बांद्याहून येणाऱ्या गाड्या सुसाट जातात, बहुतेकांना ते दिसतही नाही. तिथे नावं वाचायला लावा, मोठ्याने, एकेका मुलाला एकेक. पंजाबातला तरुण आणि आपला आफोन्सो एकाच लढ्यात होते हे कळायला दुसरं काही सांगावं लागत नाही.

रानजाई

हे वाचून अंगावर काटा आला. आम्ही दर वेळी त्या नाक्यावरून गेलो आहोत, कधी थांबलो नाही. या वेळी थांबू.

खवय्या_हरमल

गंभीर चर्चेत पोटाचं बोलतो. नववीची मुलं दुपारी एक वाजता इतिहास ऐकत नाहीत. पेडणे बाजारात जेवायची सोय होईल, पण आधी सांगून ठेवा. आणि बाजारात हरमलची मिरची दिसली तर घ्या, जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालेली आहे. आमटीचा रंग बघाल तर परत याल.

फळा_खडू

सर्वांचे मनापासून आभार. सगळं वाचून आता असं ठरवते आहे. सकाळी कोलवाळच्या पुलावर बसमध्येच पहिला तास. मग हळर्ण. तिथून पेडणे गाव, भगवती, जेवण. जेवणानंतर पत्रादेवी. तेरेखोल गाळते आहे. इन्सुलीचा_घाट, क्षमा असावी, पण केरीची फेरी धरली तर अर्धा दिवस त्यातच जाईल आणि राज्याबाहेरून बस फिरवायची तर शाळेची वेगळी परवानगी लागेल. तेरेखोल मी नकाशावर दाखवीन, कुळागर यांनी सांगितलं तसं.

आणि आजींचा प्रश्न सहलीच्या आधी गृहपाठ म्हणून देते: घरात पलीकडून कोण आलं? त्या उत्तरांबरोबर ज्यांच्या घरी जुना कागद, फोटो, अवजार असेल त्याचा फोटो आणायचा. वस्तू आणायची नाही, हरवली तर मला झोप लागायची नाही. पर्वरीकर, सहलीनंतर वर्गात ते मांडू, तुम्ही बघायला याल का?

पर्वरीकर

येईन. फोटोंखालच्या दोन ओळी लिहायला मुलांना मदतही करीन. मात्र प्रत्येक फोटोमागे गाव, घरातलं कोणाचं, साधारण कधीचं, एवढं लिहून घ्याच. नाहीतर दहा वर्षांनी कुणालाच काही कळणार नाही.

इन्सुलीचा_घाट

तेरेखोल गाळलंत ते आवडलं नाही, पण कारण पटलं. पेडण्याकडच्या मुलांना रविवारी घरच्यांबरोबर जायला सांगा. आरोंद्याच्या बाजूने येणार असतील तर वाटेत रेडीचा यशवंतगडही बघता येतो.

गडवाट_हौशी

एकच बदल सुचवतो. हळर्णला पोचायची वेळ नऊच्या आत ठेवा. तटावर सावली कमी आहे आणि मुलांकडे पाण्याच्या बाटल्या असतातच असं नाही. तारीख कळवा, मी थेट हळर्णला भेटतो.